खांद्याइतकी मेंदी

“मोबाईलमध्ये सगळंच बुटकं दिसतं!” रायसिंग ओरडला. “तुझ्या लग्नाच्या फोटोत तूसुद्धा बुटकाच दिसतोस.”

“मी आहेच बुटका, बाबा,” विनोद म्हणाला. “माझं सोडा. मेंदी बुटकी झालीय की नाही, तेवढं सांगा.”

“नाही झाली.”

“मग रेवजी खोटं बोलतो?”

“रेवजी मोटीबेनच्या बंगल्यावर राखण करतो. त्याला बोलायला सांगितलं, तो बोलला.”

भांडण चहाच्या वेळी घरच्या मावची बोलीत सुरू झालं होतं. आवाज चढला तसा विनोद शाळेतल्या मराठीवर आला, आणि रायसिंगही मागं राहिला नाही. बापलेक मराठीत भांडायला लागले की प्रकरण लवकर मिटायचं नाही, हे रेवाबाईला अनुभवानं ठाऊक होतं. ती अंगणात तूर पाखडत बसली होती. सूप हलत होतं, पण खडे तुरीतच राहत होते.

आदल्या संध्याकाळी विनोदच्या मोबाईलवर वलसाडच्या पुढच्या समुद्राकाठच्या गावातून फोटो आला होता. मोटीबेनच्या बंगल्याचं कुंपण, म्हणजे कडू मेंदीची लांबच लांब हिरवी भिंत, आणि तिच्यावरून सरळ दिसणारा मागचा व्हरांडा. व्हरांड्यात खुर्ची, खुर्चीत सुती गाऊन घातलेली, केस मोकळे सोडलेली बंगल्याची म्हातारी मालकीण, मोटीबेन. फोटो बाहेरच्या वाटेवरून काढलेला होता. सोबत रेवजीचा आवाज होता. मेंदी फार खाली आली आहे, येणारे-जाणारे आत बघतात, बेनला लाज वाटते. रायसिंगभाईंनी यंदा येऊ नये. बाकीच्या बंगलेवाल्यांनीही वलसाडचा माळी ठरवला आहे.

हा निरोप विनोदनं रात्री पोटात ठेवला आणि सकाळी बापासमोर टाकला. नवापूरच्या रस्त्यावर पिकअप चालवणारा माणूस. कुठलीही गोष्ट गाडीतून उतरवून मोकळं व्हायची त्याला सवय.

घरात त्या गावाला नाव नव्हतं. सगळे ‘समुद्र’ म्हणत. नाताळ झाला, चर्चमधलं नव्या वर्षाचं जेवण झालं, तूर घरात आली, की रायसिंग आणि रेवाबाई ‘समुद्रावर’ जात. खांडबाऱ्याला सुरतेची पॅसेंजर धरायची, सुरतेला गाडी बदलायची. जाताना दोन मोठ्या कातरी गोणपाटात गुंडाळलेल्या, तांदळाचं गाठोडं, आणि रेवाबाईच्या पिशवीत घरच्या लाल मिरच्या. मे संपता संपता परत यायचं, कारण मग भाताची तयारी. बावीस वर्षं हाच क्रम होता. विनोद त्यातली पहिली काही वर्षं आजीकडे राहून शिकला, त्याचं लग्न झालं, एस्तेर घरात आली, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली. समुद्राचा क्रम काही बदलला नाही.

रायसिंग तिथं आधी ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला होता. एका वर्षी तोड लवकर संपली आणि मुकादमानं त्याला एका बंगल्याचं रान काढायला पाठवलं. तो बंगला मोटीबेनचा. तेव्हा ती धडधाकट होती, नवरा नुकताच वारला होता, आणि मेंदीचं कुंपण वाढून जंगल झालं होतं. रायसिंगनं विचारलं, किती कापू? तिनं त्याला मेंदीला टेकून उभं केलं, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, मग व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसून पाहिलं, आणि म्हणाली, “तुझ्या खांद्याइतकी ठेव. मी बसले की बाहेरच्या माणसाला दिसायची नाही. उभी राहिले की मला दरियो दिसायला हवा.”

तेच माप झालं. दोरी नाही, पट्टी नाही. रायसिंग मेंदीला खांदा लावायचा, डोळ्यानं माथा धरायचा आणि कातर चालवत पुढं सरकायचा. त्याचा हात असा होता की कापून झालेल्या माथ्यावर पाण्याचा पेला ठेवून दाखवावा. तो खरंच ठेवायचा, पहिल्या पहिल्यांदा, लोकांना चकित करायला. शेजारच्या बंगल्यानं बोलावलं, मग त्याच्या शेजारच्यानं. असे चौदा बंगले झाले. पावसाळ्यात राखणदार त्याच्या रेषेवरचे नवे फुटवे तेवढे कापत राहायचे. ओहोटीला वाळूवर लांब जाऊन वळून पाहिलं तर चौदा बंगल्यांची मेंदी एका रेषेत दिसायची. रायसिंग रेवाबाईला ती दाखवायला न्यायचा. मालकांनी मालकी दाखवावी तशी.

खाऱ्या वाऱ्याची त्याला नीट समज होती. समुद्राकडची बाजू तो कधी खोल छाटायचा नाही. कोवळी पानं उघडी पडली की वारा ती दोन दिवसांत जाळतो. ती बाजू थोडी झिपरी ठेवायची, आतली बाजू गुळगुळीत. आतल्या बाजूला रेवाबाई असायची. वेलींचे पीळ काढायचे, वाळक्या काड्या ओढायच्या, बुडाशी छोटी कातर मारायची, पडलेला पाला गोळा करायचा. तो बाहेर, ती आत, आणि मध्ये मेंदी. बोलणं पानांमधून चालायचं.

“टेप लावा, टेप,” विनोद म्हणत होता. “शहाद्याच्या कॉलन्यांत जाऊन बघा. पोरंसुद्धा आधी खुंट्या ठोकतात, दोरी बांधतात, टेप लावतात, मग कापतात.”

“टेप सुतार लावतो. मेलेल्या माणसाची पेटी करायला.”

“बाबा, सरळ बोला की.”

“सरळच बोलतो. बावीस वर्षं एक माप. माझा खांदा काय उतरून ठेवता येतो? इथंच आहे ना? की तोही मोबाईलमध्ये गेला?”

एस्तेर ओट्यावर भांडी पुसत होती. तिला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाशी नेला. मग नको तो प्रश्न तिनंच विचारला. वाईट हेतूनं नाही. ती घरात वाद मिटवायचं काम करायची, आणि वाद मिटवायचा म्हणजे साक्षीदार बोलवायचा, एवढं तिला कळत होतं.

“आई, तुम्ही तर दरसाल तिथं असता. तुम्ही सांगा ना. मेंदी खाली आलीय का?”

सूप थांबलं.

रेवाबाईला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

पूर्वी आतल्या बाजूनं मेंदी तिच्या कपाळाला लागायची. वीस वर्षं काम करताना तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. नुसता कातरीचा आवाज, खोकला, बिडीचा धूर आणि पानांमधून येणारी हाक. मागच्याच्या मागच्या हंगामात एकदा तिनं वेल ओढली, मान वर केली, आणि समोर त्याचे डोळे. तिला वाटलं, तो कशावर तरी उभा आहे. पण तो जमिनीवरच होता. मेंदीच भुवईच्या खाली आली होती. गेल्या हंगामात तर ती हनुवटीशी आली. रायसिंगची पाठ कमरेच्या वर वाकत चालली होती. नवापूरच्या डॉक्टरांनी मणके झिजलेत म्हणून सांगितलं होतं, आणि रायसिंगनं उसण भरलीय म्हणून घरी सांगितलं होतं. घराच्या दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागायचं थांबलं, तेव्हा तो म्हणाला होता, आता सवय झाली. पाठ खाली आली तसा खांदा खाली आला, आणि खांद्यामागं चौदा बंगल्यांची मेंदी. एका रेषेतच आली, म्हणून कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही.

मोटीबेनच्या मात्र आलं. गेल्या वर्षी तिनं विचारलं, “रायसिंग, मेंदी उतरली के?” रायसिंग पोट धरून हसला. “बेन, मेंदी तीच. तुमची खुर्ची नवी आहे, ती उंच आहे.” खुर्ची खरंच नवी होती, मुलीनं पाठवलेली. रायसिंगनं खांदा लावून दाखवला, मेंदी बरोबर खांद्याला. म्हातारीला पटलं. पटल्यावर रायसिंगनं रेवजीकडून करवत मागून घेतली आणि खुर्चीचे चारही पाय टीचभर कापले. काम नीट केलं. खुर्ची डुगडुगली नाही. करवत चालवताना खुर्ची हलू नये म्हणून पाठीमागून कुणीतरी धरायला हवी होती.

ती रेवाबाईनं धरली होती.

“आई?” एस्तेर म्हणाली.

रेवाबाई उठली. पदरातली तुरीची टरफलं झटकली. “उठ,” ती रायसिंगला म्हणाली.

“कशाला?”

“उठ म्हणते ना.”

तो बाजेवरून उठला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की विनोदनं संकोचून मान वळवली. तिनं आपला तळहात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तो तसाच सपाट आपल्याकडे आणला. हात तिच्या हनुवटीवर टेकला.

“इथं लागायची,” ती म्हणाली आणि दुसरा हात कपाळावर ठेवला. “बावीस वर्षांपूर्वी इथं. मी काही वाढले नाही. या वयात कोण वाढतं?”

रायसिंग तिच्या दोन हातांमधलं अंतर बघत राहिला. बोटं मोजल्यासारखे त्याचे ओठ हलले.

“मेंदी कापताना तू दिसायचा नाहीस मला,” ती म्हणाली. “आता तुझे दातसुद्धा दिसतात.”

“कधीपासून?”

“दोन हंगाम.”

“दोन हंगाम तुला ठाऊक आहे.”

“हो.”

“आणि खुर्चीचे पाय कापले तेव्हा?”

“तेव्हाही.”

विनोदला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यानं मोबाईल खिशात घातला आणि तो एस्तेरकडे बघायला लागला. एस्तेर एकच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत होती.

“तू धरून उभी होतीस,” रायसिंग म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “मी येड्यासारखा हसत होतो, म्हातारीला सांगत होतो, खुर्ची उंच, खुर्ची उंच. आणि तू धरून उभी होतीस.”

“हो.”

“का?”

या ‘का’ला रेवाबाईकडे दोन उत्तरं होती. एक सगळ्यांसमोर सांगण्यासारखं होतं: तुला वाईट वाटेल म्हणून. ते खरंही होतं. पण दुसरं जास्त खरं होतं, आणि सून समोर असताना ते तोंडातून निघेना. दोन हंगाम तिला काम करताना त्याचं तोंड दिसत होतं. घामानं चमकणारं, डोळे बारीक करून माथा धरणारं, मध्येच कुठल्या तरी भजनाची ओळ चुकीची म्हणणारं. वीस वर्षं भिंतीशी बोलल्यावर हे तिला आवडलं होतं. मेंदी उतरतेय हे कळूनसुद्धा आवडलं होतं.

“बरं वाटायचं,” ती एवढंच म्हणाली.

“काय बरं वाटायचं?”

“तोंड दिसायचं तुझं.”

रायसिंगला ते समजलं की नाही, कळलं नाही. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली आणि शेताकडे निघून गेला. तो पाठमोरा जाताना विनोद आणि एस्तेरनं पहिल्यांदा ती पाठ नीट पाहिली. रोज समोर असलेली वस्तू कुणी बोट दाखवल्यावर दिसावी तशी.

“मी उगाच विचारलं,” एस्तेर म्हणाली.

“कुणीतरी विचारायलाच हवं होतं,” रेवाबाई म्हणाली.

विनोदनं घसा साफ केला. “आई, एका अर्थी बरंच झालं. आता घरी राहा तुम्ही दोघं. एस्तेरला शिवणाच्या क्लासला जायचंय. पोरगी शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नसतं. बाबांनी इथंच आवारात बसावं, कोंबड्या बघाव्या.”

“कोंबड्या,” रेवाबाई म्हणाली.

“म्हणजे बसून होण्यासारखं काहीतरी.”

पोराचं चुकत नव्हतं, आणि तेच तिला खुपत होतं. त्याचा बाप अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी शाबास म्हणावं असं एकच काम होतं, आणि ते काम चुकलं म्हणून त्याला हाकललं होतं. आता तो कोंबड्यांपाशी बसला तर उरलेली वर्षं एकच गोष्ट मनात घोळवत बसेल, की आपण कापलेल्या खुर्चीत म्हातारी उघड्यावर बसली आहे. आणि बायकोला ठाऊक होतं. घरात एकमेकांसमोर जेवायला बसायचं, आणि मध्ये ती खुर्ची.

“रेवजीला फोन लाव,” ती विनोदला म्हणाली.

“कशाला? त्यानं नाही म्हटलंय.”

“लाव. आणि मोटीबेनला दे म्हणावं.”

फोन लागला. विनोदनं स्पीकर चालू केला. रेवजी आधी कुरकुरला, मग चपला फरफटवत चालल्याचा आवाज आला, मग समुद्राचा, मग मोटीबेनचा. म्हातारीनं ‘केम छे’ म्हटलं नाही. नुसतं “बोल” म्हणाली.

रेवाबाईची गुजराती बाजारापुरती होती. तरी ती बोलली. मेंदी उतरली आहे. रायसिंगची पाठ वाकली, खांदा खाली आला, त्यानं खांद्यावर मापली. त्याला कळलं नाही. मला कळलं होतं, मी बोलले नाही. खुर्ची बरोबर होती, बेन. पाय उगाच कापले.

पलीकडून मोटीबेनचा आवाज आला, रागापेक्षा दमलेला. खुर्ची इतकी खाली गेली आहे की तिला एकटीला उठता येत नाही. रेवजीला हाक मारावी लागते. तो माणूस हात धरून ओढतो, आणि दरवेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसरी खुर्ची आणली तर बाहेरच्यांना अजून दिसेल. “तो हवे मने उठाडशे कोण?” ती म्हणाली. आता मला उठवणार कोण?

रेवाबाईनं तिला काही वचन दिलं नाही. तिनं बाकीच्या तेरा बंगल्यांचं विचारलं. मोटीबेन म्हणाली, ते गेले, ते माझ्या हातात नाहीत. माझ्यापुरतं मी रेवजीला सांगते, तुम्ही या. फोन ठेवताना तिनं रायसिंग जेवतो का विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ठेवला.

“ऐकलंस?” विनोद म्हणाला. “एक बंगला. एका बंगल्यासाठी कोण जातं समुद्रावर?”

रेवाबाईनं पुन्हा सूप घेतलं. आता खडे निघत होते. मेंदी टीचभर वर यायला किती दिवस लागतील, याचा ती विचार करत होती. जानेवारीत ती फार वाढत नाही. उन्हं तापली, पाणी नीट दिलं, की फुटवे जोर धरतात. माथ्याला कातर लावली नाही तर मेपर्यंत येईल. पण माथा सोडला की झाड आतून विरळ होतं, म्हणून बाजू सारख्या छाटत राहाव्या लागतात. त्याला रायसिंगचा हात हवा. बाजूंना खांदा लागत नाही, डोळा लागतो. डोळा त्याचा शाबूत होता.

आणि तोवर त्या खुर्चीतून म्हातारीला कुणीतरी बाईमाणसानं उठवायला हवं.

तिला एक गोष्ट मात्र मान्य करावी लागली. मेंदी वर आली की तो पुन्हा दिसायचा नाही. पुन्हा नुसता आवाज, खोकला आणि पानांमधून हाक. तिनं सूप जरा जोरात आपटलं. पाखडलेली तूर तिनं टोपलीत ओतली.

रायसिंग दुपारी जेवायच्या वेळेला आला. पाय धुतले, ओट्यावर बसला. एस्तेरनं भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची भाजी वाढली. विनोद आज पिकअप घेऊन गेलाच नव्हता. तोही येऊन बसला. रेवाबाईनं रायसिंगच्या ताटात मिरची ठेवली.

अर्धी भाकरी झाल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, “तू सांगायला पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं,” रेवाबाई म्हणाली.

“म्हातारीला काय तोंड दाखवू आता?”

“तिला सांगितलंय मी सगळं. फोन केला होता.”

त्यानं मान वर केली. रागावला असावा, पण घास तोंडात होता. तो गिळेपर्यंत रागाची धार थोडी गेली. “काय म्हणाली?”

“तू जेवतोस का म्हणून विचारलं.”

रायसिंगनं भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ तो भाजीत नुसता फिरवत राहिला.

“आई, मी बोललो ते बाबांना सांगितलं का?” विनोदनं सुरुवात केली. “घरी राहायचं—”

“तू थांब,” रेवाबाई म्हणाली. तिनं स्वतःचं ताट बाजूला सारलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात सांगितलं:

“शनिवारच्या गाडीनं आम्ही दोघं समुद्रावर जातोय. एकच बंगला आहे, बाकीचे गेले. मेंदी माझ्या कपाळाला लागेपर्यंत माथ्याला कातर लागणार नाही, आणि लागेल तेव्हा माथा मी कापीन, डब्यावर उभी राहून. बाजू तुझ्या बापाच्या. मोटीबेनला खुर्चीतून मी उठवीन. एस्तेर, तू क्लासला जा. पोरीची सोय विनोद बघेल. तूर उद्या उन्हात घालून कोठीत भरा. आणि विनोद, शनिवारी सकाळी गाडी रिकामी ठेव, आम्हाला खांडबाऱ्याला सोडायचंय.”